गाव सोडल्यावर मिळणारं गाव

दिवेआगरात राहणाऱ्या माणसाला कोणी दिवेकर म्हणून हाक मारत नाही. तिथे सगळेच दिव्याचे. 'कर' हा प्रत्यय कामाला येतो तो माणूस शिवेपलीकडे गेल्यावर, जिथे त्याला कोणी ओळखत नाही आणि 'कुठचे तुम्ही?' असं विचारलं जातं तिथे. अलिबागच्या आसपासच्या किनाऱ्यावर घाणा चालवणारे, शनिवार पाळतात म्हणून 'शनवार तेली' म्हणवले जाणारे बेने इस्रायल अठराव्या शतकात मुंबईला येऊ लागले, ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत शिरले, आणि दिवेकर, पेणकर, केहिमकर अशा नावांनी शहरात वावरू लागले. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 साली बांधणारे सॅम्युएल इझिकिएल हे दिवेकरच. पुढे 1863 मध्ये 'मुंबईचें वर्णन' हे या शहराचं मराठीतलं पहिलं सविस्तर पुस्तक लिहिणारे गोविंद नारायण हे मडगावचे, म्हणून माडगांवकर. लहानपणी घरच्यांबरोबर गोव्यातून आलेल्या या माणसाने मुंबईच्या रस्त्यांची, बाजारांची, जातीजमातींची नोंद केली ती बाहेरून आलेल्याच्या ताज्या नजरेने.

ज्या इतिहासकाराच्या संशोधनाची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे, त्यांचं आडनावही याच घडणीचं आहे. राजनारायण चंदावरकर. चंदावर हे उत्तर कन्नड जिल्ह्यातलं गाव. मुंबईत जन्मलेले, शाळकरी वयातच इंग्लंडला गेलेले आणि पुढे केंब्रिजमध्ये शिकवणारे चंदावरकर आयुष्यभर एका प्रश्नाभोवती काम करत राहिले: बाहेरून आलेल्या माणसांनी हे बंदर कसं उभं केलं, आणि ते करताना ती माणसं स्वतः कोण बनली? 1994 मध्ये मुंबईतले भांडवलदार आणि कामगार यांच्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला, 1998 मध्ये दुसरा. 2006 साली, वयाची पन्नाशी नुकती उलटलेली असताना, ते अचानक गेले. तिसरं पुस्तक त्यांच्यामागे 2009 मध्ये निघालं. तिन्ही इंग्रजीत. ज्यांच्याविषयी ती लिहिली आहेत त्यांच्या नातवंडांनी ती वाचावीत, त्यांच्याशी भांडावं, आपल्या घरातल्या आठवणींशी ती ताडून पाहावीत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. या प्रस्तावनेमागे तेवढंच कारण आहे.

सुरुवात एका खोलीपासून करते.

लालबाग, परळ, डिलाइल रोडच्या चाळींमध्ये एकेका गावाच्या खोल्या असत. दहा बाय बाराची एखादी खोली, भाडं गावच्या मंडळींनी वर्गणी काढून भरायचं. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंकांची रांग, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्यांचा ढीग. वीस, पंचवीस, कधी तीस पुरुष. पण एका वेळी सगळे आत नसत, कारण गिरण्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या. रात्रपाळीचा माणूस झोपायला येई तेव्हा दिवसपाळीचा उठून भोंग्याच्या दिशेने निघालेला असे. जेवण खानावळीत. गावाहून नवा पोरगा बंदरावर उतरला की त्याने शोधायची ती हीच खोली. इथे त्याला आधी टेकायला जागा मिळे, मग कोणाच्या तरी ओळखीने गिरणीच्या दारापर्यंत वाट, आणि काम लागेपर्यंत खानावळवालीकडे उधारी.

या खोलीला सगळे गावाची खोली म्हणत. पण खुद्द गावात ही माणसं एका छपराखाली कधी राहिली होती? वाड्या वेगळ्या, भावक्या वेगळ्या, पाणवठ्यावरून आणि बांधावरून पिढ्यान्‌पिढ्यांचे तंटे. मुंबईत मात्र ती 'एका गावची' झाली. एक ट्रंक, एक वळकटी, महिन्याची ठराविक वर्गणी, हिशेबाची वही, मे महिन्यात भरणारी सभा, देवळाच्या जीर्णोद्धाराचा ठराव. गावच्या रस्त्यासाठी, शाळेसाठी, पालखीसाठी पैसे कुठून उभे राहायचे हे ठरे ते लालबागच्या त्या खोलीत. ज्याला आपण गावकी म्हणतो तिची निम्मी बैठक मुंबईत होती. चंदावरकरांच्या संशोधनातून मला उमगलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच: कोकणातला माणूस आपलं गाव गाठोड्यात बांधून मुंबईला घेऊन आला असं जे आपण सहज म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. गावाची उरलेली अर्धी घडण मुंबईने केली.

शिरगणतीचे आकडे हे नीट दाखवतात. 1911 साली मुंबईची वस्ती पावणेदहा लाखांच्या पुढे होती, आणि शंभरातले जेमतेम वीस लोक शहरात जन्मलेले होते. 1921 मध्ये ते प्रमाण आणखी घसरून सोळाच्या आसपास आलं. म्हणजे रस्त्यात भेटणाऱ्या सहा माणसांपैकी पाच परगावची. त्यातले दोन लाखांहून अधिक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला. हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या घरात. एवढं मोठं शहर, आणि त्यातल्या बहुसंख्य पुरुषांचं घर, म्हणजे चूल, म्हातारी माणसं, मुलं, दोन-चार गुंठे भातजमीन, दुसरीकडे.

हे असं का होतं याचं जे उत्तर त्या काळी दिलं जाई, ते चंदावरकरांनी आधी समोर घेतलं. गिरणीमालक म्हणत, आमचा मजूर मुळात शेतकरी आहे. त्याचं मन गावात, म्हणून तो सारखा रजेवर जातो, म्हणून त्याला शिस्त नाही, म्हणून त्याची मजुरी कमी. 1929 मध्ये नेमलेल्या शाही मजूर आयोगानेही कामगार मनाने खेडूतच राहतो असं चित्र रंगवलं, फक्त त्यात त्याचा दोष पाहिला नाही. पुढच्या काळात काही अभ्यासकांनी हाच विचार जात, धर्म, परंपरा यांच्या भाषेत मांडला: इथला कामगार कामगार म्हणून एक होत नाही, कारण त्याची जुनी ओळख सुटत नाही. या साऱ्यांमध्ये एक समजूत सारखी आहे. ओळख ही गावाकडून येते, तयार येते, आणि शहर तिला एकतर पुसतं किंवा पुसू शकत नाही.

चंदावरकरांनी प्रश्न उलटा केला. गाव सोडावं यासाठी शहराने या माणसाला काय दिलं होतं?

काहीच नाही, हे त्यांनी पानोपानी दाखवून दिलं. मुंबईचा धंदा मुळात बंदराचा, आणि बंदराचा धंदा चढउताराचा. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला. 1864 च्या शिरगणतीत शहराची वस्ती आठ लाख सोळा हजारांवर गेली होती. युद्ध संपलं, सट्टा कोसळला, पेढ्या बुडाल्या, आणि 1872 मध्ये मोजणी झाली तेव्हा ती साडेसहा लाखांच्या आत आली होती. एवढी माणसं कुठे गेली? जिथून आली तिथे. 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट आला, 1875 मध्ये ससून डॉक, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक. पण गोदीतलं काम रोजच्या बोलीवरचंच राहिलं. कापसाचा हंगाम उन्हाळ्यात संपला, पावसाळ्यात दर्या खवळला की हमालाच्या हाताला काम नाही. गिरण्या बारमाही होत्या खऱ्या, 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या गिरणीची कंपनी काढल्यापासून त्या वाढतच गेल्या. पण त्यांनीही बाजार मंदावला की पाळ्या कमी केल्या, बाजार उठला की गेटावर उभ्या असलेल्या बदली कामगारांना आत घेतलं. नोकरीची हमी नाही, आजारपणात पगार नाही, म्हातारपणाची सोय नाही. अशा शहरात जो माणूस गावची जमीन विकून मोकळा होईल, तो मूर्खच म्हणायचा. गावाशी बांधून राहणं हा त्याचा जुनाट स्वभाव नव्हता. शहराच्या बेभरवशाच्या रोजगाराला त्याने विचारपूर्वक दिलेलं ते उत्तर होतं.

आणि गावालाही त्याच्यावाचून गत्यंतर नव्हतं. रत्नागिरीच्या डोंगरउतारावर भात थोडं, नाचणी-वरी वरकस जमिनीवर, तीही दोन-तीन वर्षं पिकवून पुन्हा टाकून द्यायची. वर खोताचा वाटा. खोती पद्धतीत कुळाच्या हाती पिकाचा किती भाग राहायचा हे खोताच्या मर्जीवर होतं, आणि वेठीची कामं वेगळी. 1880 चा खोती कायदा झाला, 1937 मध्ये आंबेडकरांनी खोती मोडण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आणलं, पण ती कायद्याने गेली स्वातंत्र्यानंतर. या शेतीवर घर चालत नसे. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर सारा भरला जाई, खोताचं देणं फिटे, लग्नं उरकत. गाव मुंबईच्या पैशावर तगत होतं, मुंबई गावाच्या बायकांच्या कष्टांवर. कारण कामगाराला जो पगार मिळे त्यात त्याचं एकट्याचं पोट भरे. त्याची मुलं वाढवण्याचा, त्याच्या आईबापांना सांभाळण्याचा, आजारी पडल्यावर त्याला उभं करण्याचा खर्च गिरणीमालकाच्या हिशेबात नव्हता. तो भार गावाकडे भातलावणी करणाऱ्या बाईने उचलला.

इथे मला चंदावरकरांविषयी एक तक्रार नोंदवायची आहे. त्यांच्या लेखनात गाव येतं ते आधार म्हणून, पाया म्हणून, पण त्या पायात उभी असलेली बाई क्वचितच बोलते. गिरण्यांतल्या वाइंडिंग-रीळिंगच्या खात्यांतल्या बायका, त्यांच्यावरची नायकीण, खानावळ चालवणारी विधवा किंवा टाकलेली बाई यांच्या नोंदी त्यांनी घेतल्या आहेत. दाभोळच्या किंवा देवगडच्या खाडीकाठी आगबोटीची वाट पाहणारी बाई मात्र दप्तरात सापडत नाही, कारण दप्तर मुंबईत लिहिलं जात होतं. हा दोष एकट्या त्यांचा नाही. पण चाकरमानी हा शब्द आपण इतक्या प्रेमाने वापरतो आणि त्याच्या मागे राहिलेल्या बाईसाठी आपल्याकडे शब्दच नाही, हे लक्षात घेतलं की इतिहासाला इथून पुढे कुठे जायचं आहे ते दिसतं.

प्लेगचं उदाहरण घेतलं की गाव आणि शहर यांचं हे नातं डोळ्यांसमोर उभं राहतं. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याहून आलेल्या डॉक्टरने पहिली लागण ओळखली. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं. आगबोटी, गाड्या, बैलगाड्या, पायवाटा सगळ्यांवरून लोक घरी निघाले. सरकारने याला घबराट म्हटलं. चंदावरकरांनी प्लेगच्या या काळावर स्वतंत्रपणे लिहिलं आहे, आणि घबराट कोणाची होती हा प्रश्न विचारला आहे. झडत्या घेणारं, घरं पाडणारं, माणसांना जबरदस्तीने इस्पितळात नेणारं सरकारही तितकंच घाबरलं होतं. जाणारी माणसं मात्र जिथे त्यांना कोणी पाहील अशा ठिकाणी जात होती. मागे राहिलेल्यांची किंमत वाढली. गिरण्यांना माणूस मिळेना, नाक्यानाक्यावर रोजंदारीची बोली लागल्याच्या नोंदी आहेत. जो मजूर काल गेटावर ताटकळत होता तो आज रोजच्या रोज पैसे मागू लागला. गावी जाता येतं ही गोष्ट शहरात भाव करायला उपयोगी पडते, हे कामगारांनी त्या वर्षी पुरतं ओळखलं असणार.

ते पुढे 1928 मध्ये दिसलं. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर. युनियनच्या तिजोरीत काय होतं? लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन तर त्या संपातच जन्मली होती. सहा महिने एवढी माणसं जगली कशी, हा प्रश्न त्या वेळी मालकांनाही पडला असेल. पुष्कळ जण गावी गेले. पावसाळा होता, लावणी होती, घरात चार दाणे होते. मागे राहिलेल्यांना वाण्याने उधार दिलं, खानावळवालीने जेवू घातलं, खोलीच्या वर्गणीला मुदत मिळाली. ज्या गावसंबंधामुळे मुंबईचा कामगार अर्धवट कामगार ठरवला जात होता, त्याच संबंधाने त्याला जगातल्या मोठ्या संपांपैकी एक लढवता आला. माझ्या मते चंदावरकरांच्या सगळ्या मांडणीतला हा सर्वांत भक्कम दुवा आहे.

संप गिरणीच्या आवारात जिंकले-हरले जात नसत, ते वस्तीत ठरत, हे त्यांचं दुसरं मोठं म्हणणं. जॉबरचं उदाहरण पाहा. कामगार भरती करणारा, दस्तुरी खाणारा, रजा देणारा-नाकारणारा हा मुकादम जुन्या अभ्यासकांना गावच्या पाटलासारखा वाटला. जणू गावची सत्ता तशीच्या तशी गिरणीत येऊन बसली. चंदावरकर म्हणतात, त्याच्या सत्तेची मुळं तो राहतो त्या चाळीत शोधा. त्याला घरभाडं, उधारी, खानावळ, आखाडा, मेळा या सगळ्यांशी जुळवून घ्यावं लागे. वस्तीने पाठ फिरवली तर त्याचा शब्द चालत नसे, आणि संपाच्या वेळी तो मालकाची बाजू घेऊन उभा राहिला तर त्याच्या दारावर दगड पडत. वस्तीतला दादा, तालीम, भजनी मंडळ, शक्ती-तुऱ्याची मंडळं, गणपतीचे मेळे या गोष्टी आपण सांस्कृतिक म्हणून बाजूला काढतो. त्या काळात त्या पत, संरक्षण आणि बातमी यांच्या वाटा होत्या. गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचं मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं जे पुस्तक 2004 मध्ये इंग्रजीत आलं, त्यालाही चंदावरकरांनी दीर्घ प्रस्तावना लिहिली होती. तिच्यात हीच वस्ती राजकारणाच्या केंद्रस्थानी आहे. त्या पुस्तकातल्या कामगारांच्या तोंडच्या कहाण्या आणि चंदावरकरांचं दप्तरातून आलेलं विवेचन शेजारी शेजारी ठेवून वाचावं, दोन्ही एकमेकांना उजळतात.

हे फक्त मराठी माणसांबद्दल आहे असं मात्र कोणी समजू नये. धोबी तलावच्या गल्ल्यांमध्ये गोंयकारांची 'कूड' होती: एकेका गावाच्या नावाने चालणारी, त्या गावच्या संताची तसबीर लावलेली वसतिगृहं. बोटीवर स्वयंपाकी, खलाशी, वादक म्हणून जाणारा गोंयकार दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरे. लालबागच्या गावखोलीची ही सख्खी बहीण, फक्त देव वेगळा. आणि गोव्याचं म्हणून आज ओळखलं जाणारं तियात्र पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते 17 एप्रिल 1892 रोजी, मुंबईत. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले विणकर होते. गावाकडे त्यांना जुलाहा म्हणून हिणवलं जाई; शहरात त्यांनी मोमीन, अन्सारी ही नावं मानाने धारण केली. तेलंगणातून आलेले मजूर 'कामाठी' झाले आणि एका अख्ख्या मोहल्ल्याला नाव देऊन गेले. साताऱ्याच्या शेतकऱ्याला आपण घाटावरचे आहोत हे साताऱ्यात कोणी सांगितलं नव्हतं. गोदीत कोकण्यांनी त्याला घाटी म्हटलं तेव्हा ते त्याला कळलं. आणि घाटावरच्याने रत्नागिरी, मालवण, खेड, चिपळूण सगळ्यांची एकच मोट बांधून त्यांना कोकणी करून टाकलं. यातली बरीच नावं आधी दुसऱ्यांनी चिकटवली, काही चिडवण्यासाठी. ज्याला चिकटली त्याने ती कधी झटकली, कधी अंगरख्यासारखी चढवली. बंदरात ओळख अशी घासाघिशीतून तयार होते.

आणि काही ओळखी झटकता येत नव्हत्या. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण गावखोलीच्या जिव्हाळ्यात ते विरून जाण्याचा धोका आहे. त्याच आगबोटीतून, त्याच हर्णैच्या किंवा जयगडच्या बंदरातून महार कुटुंबंही मुंबईत आली. कोकणातले महार कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या पलटणीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची सैन्यभरती थांबली तेव्हा गोदी, रेल्वे, नगरपालिका, गिरण्या एवढ्याच वाटा उरल्या. गिरणीत त्यांना साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, प्रवेश नव्हता. कारण धोट्यात नवी कांडी बसवली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. जिथे महाराचं तोंड लागलं तिथे आपलं तोंड लावायला सवर्ण विणकर तयार नव्हते. साचेखात्यात पगार जास्त; म्हणजे गावचा विटाळ शहरात येऊन पगाराचा दर ठरवू लागला. 1928 च्या संपाच्या काळात आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा कामगारांची एकी नेमकी कोणाची, हे विचारण्याची वेळ आली. ती टाळली गेली असं म्हणण्यावाचून मला राहवत नाही.

प्लेगनंतर, 1898 मध्ये, स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बी.आय.टी. चाळीत आंबेडकर वर्षानुवर्षं राहिले. 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली तीही परळलाच, दामोदर हॉलमध्ये. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव, रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे, त्यांना कधी निवाऱ्यासारखं वाटलं नाही, आणि घटना समितीत 1948 साली त्यांनी खेड्याविषयी जे कठोर बोल काढले त्यामागे हा सगळा अनुभव आहे. चंदावरकरांच्या मांडणीत गाव ही कामगाराची विमापॉलिसी असते. पण ज्याला गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, त्याला ही पॉलिसी कोणत्या अटींवर मिळत होती? त्याच्या दृष्टीने मुंबईचा मोठेपणा गावाशी जोडून ठेवण्यात होता की गावापासून सोडवण्यात? बहुधा दोन्हींत, आणि ती ओढाताण सोसतच ती पिढी उभी राहिली. 1927 मध्ये महाडच्या तळ्याकडे निघालेल्यांत मुंबईची माणसं होती. शहरात मिळालेली मान वर करण्याची सवय ती कोकणात घेऊन गेली. स्थलांतराचा प्रवाह पैशाबरोबर हेही परत नेत होता.

चंदावरकरांची भाषा सोपी नाही. वाक्यं लांब, युक्तिवाद सावकाश, पुराव्यांची गर्दी. जिथे वाचकाला एखादं नाव, एखादं तोंड हवंसं वाटतं तिथे ते पगाराचे दर आणि भरतीच्या पद्धती पुढे ठेवतात. पहिल्या वाचनात मीही दोनदा पुस्तक मिटलं होतं. मग लक्षात आलं की या माणसाला कामगाराची कणव नकोय, त्याची अक्कल दाखवायची आहे. कणव दाखवणारे पुष्कळ झाले. गावच्या जमिनीचा तुकडा, खोलीतली ट्रंक, वाण्याची वही, जॉबरशी गोडी, युनियनची पावती हे सगळं एकाच वेळी सांभाळून अनिश्चित शहरात तग धरणाऱ्या माणसाच्या हिशेबीपणाचा असा आदर मी दुसऱ्या कोणाच्या लेखनात क्वचितच पाहिला.

मुंबई कोणाची, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षं चालू आहे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यासाठी माणसांनी प्राण दिले. ज्या शहरात सहापैकी पाच माणसं परगावची होती, तिथे आधी कोण आलं यावरून हक्क ठरवायला गेलं तर कोळ्यांखेरीज कोणाला उभं राहता येणार नाही. या संशोधनात हक्काचा निवाडा मिळत नाही. कोणी काय काय उचललं, कोणी काय बांधलं, आणि त्याबदल्यात कोणाला किती मिळालं, याचा हिशेब मात्र मिळतो, आणि तो हिशेब मांडल्याशिवाय या वादात एक शब्दही बोलू नये असं मला वाटतं.

18 जानेवारी 1982 रोजी शेवटचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. पुन्हा तीच वाट धरली गेली: ट्रंक, वळकटी, गावची गाडी. यावेळी एस.टी. होती. 1928 प्रमाणे गाव सहा महिने तगवेल, मग भोंगा होईल, असं पुष्कळांना वाटलं. पण मालकांना आता गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची वाटू लागली होती, आणि अनेकांसाठी भोंगा पुन्हा झालाच नाही. जे गाव संपात पाठीशी उभं राहत होतं तेच आता कायमचा मुक्काम झालं. कित्येक घरांत त्यानंतर उलटी मनीऑर्डर सुरू झाली. गावचे तांदूळ विकून मुंबईतल्या मुलांच्या फीचे पैसे पाठवणारे बाप त्या वर्षांत होते. या परतीचा इतिहास अजून कोणी नीट लिहिलेला नाही. चंदावरकर जगते तर कदाचित त्यांनी लिहिला असता.

तो लिहिण्याची साधनं सरकारी दप्तरात नाहीत. ती गावमंडळांच्या इतिवृत्तांच्या वह्यांत आहेत, वर्गणीच्या पावतीपुस्तकांत, खानावळीच्या हिशेबात, मनीऑर्डरीच्या फाटक्या पोचपावत्यांवर, जिथे घेणारीच्या सहीच्या जागी अंगठा आहे. चाळी पडताहेत, खोल्या विकल्या जाताहेत, आणि त्या वेळी सगळ्यात आधी बाहेर टाकली जाते ती जुनी पत्र्याची ट्रंक. हे पुस्तक हातात घेणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी अशी एखादी उरली असेल तर ती भंगारात देण्याआधी उघडून पाहा. आतल्या कागदांवरची तारीख, बंदराचं नाव, खोली नंबर आणि अंगठ्याशेजारी तलाठ्याने किंवा पोस्टमनने लिहिलेलं बाईचं नाव एका वहीत उतरवून ठेवा.